'चांदोबा'तील विक्रम-वेताळ कथामाला : लोकप्रियता आणि मूल्यमापन

प्रस्तावना

मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांच्या बालपणाचा विषय निघाला की 'चांदोबा' मासिकाचा आणि त्यातील विक्रम-वेताळ कथांचा उल्लेख हमखास होतो. खांद्यावर प्रेत, हातात उपसलेली तलवार आणि भोवती स्मशानातील अंधार, असे राजाचे चित्र अनेकांच्या मनावर कायमचे कोरले गेले आहे. या कथांचा गौरव साधारणपणे तीन कारणांनी केला जातो. त्या प्राचीन भारतीय कथांचा वारसा जपतात, मुलांवर नीतीचे संस्कार करतात आणि कल्पनाशक्तीला चालना देतात, असे सांगितले जाते. ही विधाने इतक्या वेळा उच्चारली गेली आहेत की ती तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही.

बालसाहित्याचे मूल्यमापन जेव्हा केवळ प्रौढांच्या आठवणींवर होऊ लागते, तेव्हा आवडलेले आणि श्रेष्ठ यांतील अंतर पुसले जाते. म्हणून या कथामालेला मिळालेली कीर्ती कितपत सार्थ आहे आणि सार्थ असल्यास ती कोणत्या कारणाने, या प्रश्नांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी मूळ संस्कृत कथाचक्र, त्याचे मराठीतील आगमन आणि 'चांदोबा'ने त्याला दिलेले रूप या तीन टप्प्यांचा मागोवा घेतला आहे.

प्रतिष्ठानचा राजा

विक्रम म्हटले की उज्जयिनी आठवते. परंतु सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त वेताळाला खांद्यावर वाहून नेणारा राजा उज्जयिनीचा नाही. त्याचे नाव त्रिविक्रमसेन असून तो गोदावरीकाठच्या प्रतिष्ठान नगरीत राज्य करतो. प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण. श्रीरामपूर तालुक्यातील बेलापूर ज्या प्रवरेच्या काठी वसले आहे, ती प्रवरा नेवाशावरून पुढे जाऊन प्रवरासंगम येथे गोदावरीला मिळते आणि ते पाणी पैठणला पोहोचते. अहिल्यानगर जिल्ह्यातील वाचकाला दूरदेशीची वाटणारी ही कथा अशा रीतीने त्याच्याच नदीच्या खालच्या अंगाला घडते.

'कथासरित्सागरा'ची रचना अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात काश्मीरमध्ये झाली. राजा अनंताची राणी सूर्यवती हिच्या मनोरंजनासाठी सोमदेवाने हा ग्रंथ सिद्ध केला. त्याच शतकात क्षेमेंद्राने 'बृहत्कथामंजरी' लिहिली व तिच्यातही वेताळाच्या कथा आहेत. या दोन्ही ग्रंथांचे मूळ म्हणून गुणाढ्याच्या पैशाची भाषेतील 'बृहत्कथे'चा निर्देश केला जातो. ती आज उपलब्ध नाही. गुणाढ्याचा संबंध परंपरेने सातवाहन राजाच्या दरबाराशी, म्हणजे पुन्हा प्रतिष्ठानशीच जोडला आहे. वेताळाच्या कथा मूळ 'बृहत्कथे'त होत्या की काश्मिरी परंपरेत नंतर समाविष्ट झाल्या, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पुढे शिवदास आणि जंभलदत्त यांनी 'वेतालपंचविंशति'च्या स्वतंत्र आवृत्त्या रचल्या आणि लोकपरंपरेत हा राजा उज्जयिनीचा विक्रमादित्य झाला.

कथेची चौकट परिचित आहे. क्षान्तिशील नावाचा भिक्षू राजाला रोज एक फळ भेट देतो. एके दिवशी माकडाने फोडलेल्या फळातून रत्न बाहेर पडते. उपकृत झालेला राजा भिक्षूच्या विनंतीवरून स्मशानातील शिंशपा वृक्षावर लटकणारे प्रेत आणण्यास जातो. प्रेतात शिरलेला वेताळ वाटेत कथा सांगून शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले होतील, आणि तो बोलला तर मौन भंगून वेताळ झाडावर परत जाईल.

चौकटीचा शेवट मात्र तितकासा परिचित नाही. शेवटच्या कोड्यात एक पिता आणि त्याचा पुत्र पाऊलखुणांवरून दोन अनोळखी स्त्रियांशी विवाह करण्याचे ठरवतात. मोठी पावले असलेली स्त्री पित्याने व लहान पावले असलेली पुत्राने वरावी, असे ठरते. प्रत्यक्षात मोठी पावले मुलीची आणि लहान पावले तिच्या आईची निघतात. ठरल्याप्रमाणे पिता मुलीशी आणि पुत्र तिच्या आईशी विवाह करतो. त्यांच्या अपत्यांचे परस्परांशी नाते कोणते, या प्रश्नाचे उत्तर राजाला सापडत नाही. तो निमूटपणे चालत राहतो. या मौनाने वेताळ प्रसन्न होतो आणि भिक्षूचा कपटी बेत उघड करतो. सिद्धी मिळवण्यासाठी भिक्षूला राजाचाच बळी द्यायचा असतो. सावध झालेला राजा, साष्टांग नमस्कार कसा करावा हे दाखवण्याची विनंती भिक्षूला करतो आणि तो वाकताच त्याचा शिरच्छेद करतो. सर्व प्रश्नांची उत्तरे देणारा राजा अखेर वाचतो तो एका प्रश्नाला उत्तर नसल्यामुळे.

मराठीतील वेताळ

मुद्रणाच्या आरंभकाळातच हे कथाचक्र भारतीय भाषांच्या पाठ्यपुस्तकांत आले. कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजमध्ये १८०५ च्या सुमारास हिंदुस्थानीत 'बैताल पचीसी' तयार झाली आणि १८४७ मध्ये ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी बंगालीत 'वेतालपंचविंशति' लिहिली. मराठीत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'वेताळपंचविशी' १८३० मध्ये आली. छत्रे यांनीच १८२८ मध्ये 'बाळमित्र' आणि 'इसापनीति' मराठीत आणली होती. मराठी बालवाङ्मयाचा पाया घालणाऱ्या या लेखकाने पाश्चात्त्य नीतिकथांच्या शेजारी वेताळाला बसवले, ही घटना वाङ्मयेतिहासात नोंद घेण्याजोगी आहे. रिचर्ड बर्टन यांचे अकरा कथांचे इंग्रजी रूपांतर त्यानंतर चाळीस वर्षांनी, १८७० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी शीर्षकातच वेताळाला युरोपातील रक्तपिपासू भुताचे नाव दिले.

मराठी मनातील वेताळ याहून वेगळा होता. महाराष्ट्रात आणि कोकण-गोव्यात वेताळ हा भुतांचा अधिपती असला तरी अनेक गावांचा तो राखणदार देवही आहे. शेंदूर लावलेल्या शिळेच्या रूपात त्याची ठाणी आढळतात. पुण्यातील वेताळ टेकडी किंवा गोव्यातील बेताळभाटी ही स्थलनामे या उपासनेची साक्ष देतात. त्यामुळे वेताळ राजाला छळतो आणि शेवटी वाचवतो, ही गोष्ट मराठी बालवाचकाला विसंगत वाटण्याचे कारण नव्हते.

मद्रासहून आलेला 'चांदोबा'

बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये मद्रास येथून 'चंदामामा' हे मासिक तेलुगूत आणि 'अंबुलीमामा' या नावाने तमिळमध्ये सुरू केले. १९४९ मध्ये कन्नड व हिंदी आवृत्त्या निघाल्या आणि १९५२ मध्ये मराठी 'चांदोबा' सुरू झाला. मराठीत 'बालबोध' (१८८१) आणि 'आनंद' (१९०६) यांच्यापासून मुलांच्या मासिकांची परंपरा होतीच. त्या मासिकांमागे बहुधा शिक्षक-संपादकाची दृष्टी होती. 'चांदोबा'मागे चित्रपटनिर्मितीचा अनुभव असलेली माणसे होती. त्यामुळे चित्र आणि मजकूर यांचा मेळ, पानाची आखणी आणि दरमहा वाचकाला पुढच्या अंकाकडे ओढून नेण्याचे तंत्र यांत हे मासिक पुढे राहिले.

विक्रम-वेताळ मालिकेची ओळख ठरलेले चित्र के. सी. शिवशंकरन तथा 'शंकर' यांनी काढले. १९५० च्या दशकाच्या आरंभी ते या संस्थेत आले आणि अनेक दशके तेथे रेखाटत राहिले. सप्टेंबर २०२० मध्ये त्यांचे निधन झाले व २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर 'पद्मश्री' जाहीर झाली. मजकुराच्या बाबतीत असा गौरव झालेला दिसत नाही. तेलुगू साहित्यिक कोडवटिगंटी कुटुंबराव १९५२ ते १९८० या काळात मासिकाच्या संपादनाशी निगडित होते. मजकूर प्रामुख्याने तेलुगूत तयार होई आणि तेथून इतर भाषांत जाई. पुष्कळशा कथा लेखकाच्या नावाविना छापल्या जात. त्या मराठीत आणणारे अनुवादक तर वाचकांना जवळपास अज्ञातच राहिले. महाराष्ट्रातील मुलांना अस्सल मराठी वाटणारी कथा प्रत्यक्षात तेलुगूतून आलेली होती, हे फार थोड्यांच्या लक्षात आले.

पंचवीस कथा संपल्यानंतर

येथे मूल्यमापनाचा पहिला प्रश्न उपस्थित होतो. नावाप्रमाणे हे कथाचक्र पंचविसांचे आहे. दरमहा एक या हिशेबाने सर्व कथा दोन वर्षांच्या थोड्या पुढे संपतात. 'चांदोबा'तील मालिका मात्र १९५० च्या दशकापासून अनेक दशके चालू राहिली. याचा सरळ अर्थ असा की वाचकांनी वाचलेल्या बहुसंख्य वेताळकथा सोमदेवाच्या किंवा शिवदासाच्या नव्हत्या. त्या मासिकाच्या लेखकांनी जुन्या चौकटीत नव्याने बसवल्या होत्या. प्राचीन वारशाचे जतन हा गौरवाचा पहिला आधार त्यामुळे बराचसा डळमळतो. चौकट प्राचीन होती, आशय विसाव्या शतकातला होता.

हा दोष मानण्याचे कारण नाही. भारतीय कथापरंपरा अशाच भरीतून वाढत आली आहे आणि सोमदेवानेही पूर्वसामग्रीची नव्याने मांडणीच केली. मात्र श्रेय कोणाला द्यायचे हा प्रश्न उरतो. 'प्राचीन वारसा' म्हणून या कथांची स्तुती होते, तेव्हा त्या लिहिणाऱ्या आणि भाषांतरित करणाऱ्या आधुनिक हातांचे श्रेय अनायासे पुसले जाते.

दुसरा बदल प्रश्नाच्या स्वरूपात झाला. मूळ कथांतील प्रश्न बहुधा निवाड्याचा असतो. तिघांपैकी पती कोण, दोषी कोण, अधिक उदार कोण, असे तो विचारतो. मदनसेनेच्या कथेत पती, पूर्वीचा प्रियकर आणि चोर हे तिघेही तिला सोडून देतात. यांत सर्वांत उदार कोण, यावर राजा चोराचे नाव घेतो. तिचे मन दुसऱ्याकडे आहे हे पतीने जाणले होते आणि प्रियकराला राजदंडाची भीती होती. अंधारात दागिन्यांनी मढलेल्या स्त्रीला जाऊ देण्यास चोराला मात्र कोणतेच बंधन नव्हते. 'चांदोबा'तील नव्या कथांत प्रश्न मोठ्या प्रमाणात हेतूविषयीचा झाला. अमुक व्यक्तीने हाती आलेले वैभव का नाकारले, किंवा शब्द मोडल्यासारखे का वागली, असे वेताळ विचारतो. वरकरणी विसंगत दिसणाऱ्या वर्तनामागील सुसंगती राजा उलगडून दाखवतो. निवाड्याऐवजी स्वभावाचे आकलन केंद्रस्थानी आले.

हा बदल बालवाचकासाठी मोलाचा होता. दुसऱ्याच्या वागण्यावर तडकाफडकी शिक्का मारू नये, त्यामागचा विचार शोधावा, ही सवय तात्पर्य न सांगता या कथांनी लावली. इसापनीतीच्या धर्तीवरील कथेत शेवटी बोध येतो आणि मूल तो ऐकून घेते. वेताळकथेत शेवटाआधी प्रश्न येतो आणि मुलाला क्षणभर थांबावे लागते. राजाचे उत्तर वाचण्यापूर्वी स्वतःचे उत्तर ठरवण्याचा हा अवकाश हेच या मालिकेचे खरे वैशिष्ट्य होय.

आक्षेपांचा विचार

या कथामालेवर घेता येण्याजोगे आक्षेपही गंभीर आहेत. भूत, प्रेत आणि स्मशान यांच्यामुळे मुलांच्या मनात अंधश्रद्धा रुजते, हा आक्षेप सर्वांत आधी सुचतो. परंतु या मालिकेतला वेताळ भीती दाखवून राजाचा विवेक हिरावून घेत नाही. प्रत्येक वेळी तो राजाला विचारच करायला लावतो. मूळ कथाचक्र तर भोंदू साधकापासून सावध राहण्याची शिकवण देते. तेथे भूत सत्य सांगते आणि कपट असते ते भिक्षूच्या वेशात.

अडचण वेगळीच आहे. मासिकाच्या दरमहाच्या साच्यात कथा चौकटीच्या मध्यावरच थांबत असे. राजाने उत्तर दिले की वेताळ झाडावर परत जाई आणि पुढच्या महिन्यात राजा पुन्हा झाडाकडे वळे. मालिका चालू ठेवायची तर शेवट सांगता येत नव्हता. त्यामुळे भिक्षूचे कपट उघडे पडण्याचा क्षण, म्हणजे कथाचक्रातील सर्वांत विवेकनिष्ठ भाग, नियमित वाचकाच्या वाट्याला आला नाही. त्याला राजाची चिकाटी दिसली. ती चिकाटी एका कपटी माणसाच्या कामी येत होती, हे दिसले नाही. १९९७ ते २००७ या काळात सात भागांत पूर्ण झालेल्या 'हॅरी पॉटर' मालिकेशी तुलना केली तर हा फरक ठळक होतो. तेथे प्रत्येक भाग शेवटाच्या दिशेने सरकतो आणि विश्वासातल्या व्यक्तींविषयीचे सत्य अखेर बाहेर येते.

दुसरा आक्षेप सामाजिक आहे. मूळ कथांत स्त्री अनेकदा वादाचा विषय म्हणून येते. तिला काय हवे, हे सहसा विचारले जात नाही. वीरवराच्या कथेत सेवक आपल्या मुलाचा आणि नंतर स्वतःचा बळी देतो, तरी राजाच्या मते श्रेष्ठ ठरतो तो सेवकासाठी प्राण देण्यास सिद्ध झालेला राजा, कारण स्वामीसाठी मरणे हे सेवकाचे कर्तव्यच मानले जाते. निवाडा करणारा स्वतः राजा आहे आणि वेताळ त्याच्या उत्तराशी वाद घालत नाही. 'चांदोबा'नेही ही अधिकाराची रचना बदलली नाही. मुलाने आपले उत्तर योजले तरी अखेरचा शब्द राजाचाच राहिला.

या प्रश्नांना राजाच्या उत्तराबाहेर नेणे अशक्य होते असे नाही. शिरांची अदलाबदल झालेल्या कथेत, मस्तक श्रेष्ठ म्हणून मस्तक ज्याचे तोच पती, असा निर्णय राजा देतो. थॉमस मान यांनी १९४० मध्ये जर्मनमध्ये आणि गिरीश कार्नाड यांनी १९७१ मध्ये 'हयवदन' या कन्नड नाटकात हीच कथा घेऊन तो निर्णय अपुरा असल्याचे दाखवले. कार्नाडांच्या नाटकातील पद्मिनीची स्वतःची इच्छा हाच पेच होऊन बसतो. प्रौढांच्या साहित्याने वेताळाचा प्रश्न पुन्हा खुला केला. बालसाहित्यात तो बंदच राहिला.

राजाचे मौन

वरील विवेचनावरून या मालिकेने काय कमावले आणि काय गमावले, हे नेमके सांगता येते. उत्तर माहीत असताना गप्प राहणे हा अपराध आहे, हे सूत्र 'चांदोबा'ने घरोघर पोहोचवले. बोलल्याने काम बिघडणार हे ठाऊक असूनही राजा बोलतो. ज्ञानाबरोबर बोलण्याची जबाबदारी येते, मग त्यासाठी पुन्हा स्मशानापर्यंत चालत जावे लागले तरी हरकत नाही, हा विचार कोणत्याही काळात मुलांसमोर ठेवण्याजोगा आहे.

मूळ कथाचक्रात या सूत्राला जोड आहे ती दुसऱ्या सूत्राची. उत्तर माहीत नसेल तेव्हा गप्प राहणे हाही शहाणपणाच आहे. जर्मन भारतविद्यातज्ज्ञ हाइनरिश झिमर यांच्या १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या शीर्षकातच राजा आणि प्रेत आहेत. या कथेत त्यांना राजाच्या आत्मिक जडणघडणीचा प्रवास दिसला, आणि असा प्रवास शेवटाशिवाय पूर्ण होत नाही. 'चांदोबा'तील राजा मात्र कधीच निरुत्तर झाला नाही. प्रत्येक प्रश्नाला एकच योग्य उत्तर असते आणि ते सत्ताधाऱ्याला ठाऊक असते, असा समज दरमहाच्या पुनरावृत्तीने नकळत दृढ झाला असल्यास नवल नाही. परीक्षेतील आदर्श उत्तराला सरावलेल्या शिक्षणपद्धतीशी हा साचा सहज जुळणारा होता, हेही त्याच्या लोकप्रियतेचे एक कारण मानता येईल.

रामानंद सागर यांच्या संस्थेने १९८५ मध्ये दूरदर्शनसाठी 'विक्रम और बेताल' ही मालिका केली, तेव्हा या कथांची ख्याती मासिकाच्या वाचकवर्गाबाहेर गेली. मासिकाचे दिवस मात्र पालटत होते. १९९८ मध्ये त्याचे प्रकाशन थांबले व १९९९ मध्ये पुन्हा सुरू झाले. २००७ मध्ये ते एका माहिती-तंत्रज्ञान कंपनीकडे गेले आणि २०१३ च्या सुमारास बंद पडले. मालिकेला शेवट मिळाला नाही, मासिकाला मात्र मिळाला.

निष्कर्ष

'चांदोबा'तील विक्रम-वेताळ कथामालेला मिळालेली कीर्ती सार्थ आहे, पण प्रचलित कारणांसाठी नाही. प्राचीन कथांचे जतन हे तिचे मुख्य कार्य नव्हते, कारण तिच्यातील बहुतेक कथा आधुनिक लेखकांच्या होत्या. तिच्या नीतिबोधालाही राजसत्तेच्या आणि पुरुषदृष्टीच्या मर्यादा आहेत. तिचे खरे योगदान रचनेचे आहे. मुलाला ऐकणारा न ठेवता प्रश्नापाशी थांबून विचार करणारा वाचक बनवणारी ही रचना मराठी बालमासिकांत इतक्या सातत्याने दुसरीकडे क्वचितच आढळते. शंकर यांच्या चित्राने त्या थांबण्याला दृश्य रूप दिले.

या योगदानाची किंमतही मोजावी लागली. मालिका अखंड ठेवण्यासाठी राजाचे मौन आणि भिक्षूचे कपट या दोन्ही गोष्टी बाजूला राहिल्या. महाविद्यालयीन अध्यापनात हे कथाचक्र घ्यायचे झाल्यास सोमदेवाची एखादी कथा आणि 'चांदोबा'तील एखादी कथा शेजारी ठेवून प्रश्न कसा बदलला हे विद्यार्थ्यांना पाहू द्यावे, आणि शेवटी निरुत्तर राजाची कथाही सांगावी. गावोगावच्या ग्रंथालयांत 'चांदोबा'चे जुने अंक अद्याप असतील तर ते रद्दीत जाण्यापूर्वी त्यांची सूची व्हावी. त्यांतून अनामिक लेखक-अनुवादकांच्या कामाचा अभ्यास शक्य होईल. बालपणीच्या आनंदाचे ऋण नुसत्या स्तुतीने फिटत नाही. त्या आनंदाची चिकित्सा करणे हाच वेताळाच्या परंपरेला साजेसा सन्मान ठरेल.